विषयाची निवड आणि रद्दीत गेलेल्या नोंदवह्या
(न्यासाच्या वर्धापनदिनी रुग्णालयाच्या व्यवस्थापकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या प्रसंगी आम्ही आपल्यापुढे जमाखर्च मांडतो. तो या वर्षीही अहवालाच्या उत्तरार्धात छापलेला आहे व सनदी लेखापालांच्या स्वाक्षरीनिशी आहे. त्याविषयी आज बोलणार नाही. आज बोलावयाचा विषय आमच्या अधिकारातला नाही, हे आधीच मान्य करतो. वैद्यकाची पदवी घेऊन पुढे विज्ञानात पीएच.डी. करू इच्छिणाऱ्या तरुण डॉक्टराने संशोधनाचे क्षेत्र कसे निवडावे, हा तो विषय. आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे. परंतु हा प्रश्न गेल्या काही वर्षांत दोन वेळा आमच्या कार्यालयात येऊन खुर्चीवर बसला. पहिल्या वेळी आमच्याकडे देण्यासारखे जे होते ते आम्हीच घालवून बसलो होतो. ती हकीकत सांगणे आमचे कर्तव्य आहे.

प्रथम हे शिक्षण म्हणजे काय, ते थोडक्यात. रुग्ण तपासणारा डॉक्टर आणि प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञ ही दोन माणसे बहुधा वेगळी असतात. एकाला प्रश्न दिसतो, दुसऱ्याला तो सोडविण्याची रीत ठाऊक असते. ही दोन्ही कामे एकाच माणसाला शिकवावीत, या विचाराने अमेरिकेत १९६४ साली तेथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तीन वैद्यकीय महाविद्यालयांना अनुदान देऊन एम.डी. व पीएच.डी. असा जोड अभ्यासक्रम सुरू केला. तो पुरा व्हावयास साधारण आठ वर्षे लागतात. आपल्याकडेही भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने अशा जोड शिक्षणास साहाय्य दिले आहे. तथापि बहुतेकांची वाट अजून टप्प्याटप्प्याचीच आहे. एम.बी.बी.एस.ची आंतरवासितेसह साडेपाच वर्षे, एम.डी.ची तीन, मध्ये शासकीय बंधपत्राची सेवा आणि नंतर पीएच.डी., जिला नियमानुसार किमान तीन आणि कमाल सहा वर्षे दिली जातात.

हिशेब करणाऱ्या माणसाला येथे लगेच एक गोष्ट दिसते. अठराव्या वर्षी निघालेला मुलगा किंवा मुलगी तिशी ओलांडल्यावर मोकळी होते. पीएच.डी.च्या काळात कनिष्ठ संशोधन छात्राला मिळणारे विद्यावेतन जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये व वर घरभाडे इतके झाले. त्याच वयाचा त्यांचा वर्गमित्र जळगावला स्वतःचा दवाखाना थाटून बसलेला असतो. म्हणजे या शिक्षणातील खरी गुंतवणूक वयाची आहे आणि चुकीच्या विषयावर घातलेली वर्षे कोणत्याही खात्यावर पुन्हा जमा होत नाहीत. एवढ्यासाठीच विषयाच्या निवडीला महत्त्व.

ही निवड कशी होते, याचे महाराष्ट्रातले एक उदाहरण आम्हाला फार आवडते. डॉ. कमल रणदिवे यांचा जन्म १९१७ सालचा, पुण्याचा. वडील जीवशास्त्राचे प्राध्यापक. मुलीने डॉक्टर व्हावे, ही त्यांची इच्छा. मुलीने फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेतले आणि १९४३ साली पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून एम.एस्सी. केले, ते सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशींवर. अजिंठ्याच्या डोंगराखाली राहणाऱ्या आपणास सीताफळाची ओळख करून देण्याची गरज नाही. पण त्याच्या पेशींतून कर्करोगापर्यंत रस्ता जात असेल, हे आपल्यापैकी कोणाच्या मनात आले नसते. विवाहानंतर त्या मुंबईला आल्या, टाटा स्मारक रुग्णालयात काम करू लागल्या आणि तेथे त्यांना डॉ. वसंत रामजी खानोलकर हे मार्गदर्शक लाभले. १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. त्यांनी त्यांच्याच हाताखाली मिळविली. पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. जॉर्ज गाय यांच्याकडे ऊतीसंवर्धनाचे तंत्र शिकून त्या परत आल्या, मुंबईत ऊतीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली आणि उंदरांमधील स्तनाच्या कर्करोगावर काम केले. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, हाती असलेले कौशल्य पेशी पाहण्याचे होते; ते त्यांनी टाकले नाही. बदलला तो प्रश्न. आणि प्रश्न बदलला, कारण त्या ज्या इमारतीत काम करीत होत्या तेथे कर्करोगाचे रुग्ण येत होते.

त्यांचे मार्गदर्शक डॉ. खानोलकर हे लंडनहून विकृतिशास्त्रात एम.डी. होऊन आलेले. त्यांना परदेशी पुस्तकांत रुळलेले विषय घेता आले असते. त्यांनी पाहिले ते आपल्या माणसांच्या सवयींकडे. धोतर कमरेला वर्षानुवर्षे घट्ट आवळल्याने त्या जागी होणारा कर्करोग आणि तंबाखू व चुना ओठाच्या आत धरून ठेवण्याने होणारा कर्करोग यांविषयी त्यांनी १९४५ साली सहकाऱ्यांसह लिहिले. धोतराचा कर्करोग लंडनच्या विकृतिशास्त्रज्ञाला कोठून दिसणार? त्यासाठी धोतर नेसणारा रुग्ण समोर यावा लागतो आणि त्याच्या कमरेवरील काळा पट्टा पाहून थांबणारा डॉक्टरही लागतो.

आणखी एक नाव घेतल्यावाचून पुढे जाववत नाही, कारण ते गृहस्थ डोंगराच्या पलीकडचे, जालना जिल्ह्यातील देहेड गावचे. डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचू चावून तेथे माणसे मरत. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांच्या नोंदी ठेवल्या आणि विंचवाचे विष हृदयावर आघात करून फुप्फुसांत पाणी आणते, हे दाखविले. १९८२ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यांचा लेख आला. पुढे रक्तदाबावरील प्रॅझोसिन हे साधे औषध या विषाच्या परिणामांवर उपयोगी पडते, हे त्यांनी व त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी १९८६ साली त्याच नियतकालिकात मांडले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. प्राथमिक आरोग्य केंद्रात सूक्ष्मदर्शकसुद्धा धड नसे, अशा काळातील ही गोष्ट आहे. त्यांच्याजवळ रुग्ण होते आणि नोंदी होत्या.

नोंदी हा शब्द येथवर आला आहे, तेव्हा आता आमच्या चुकीकडे वळतो.

२०१८ सालच्या पावसाळ्यात एक तरुण डॉक्टर आमच्याकडे आले. जीवरसायनशास्त्रात एम.डी. पूर्ण झालेले, पीएच.डी.च्या नोंदणीच्या तयारीत. आदल्या वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी आणि शेतमजूर दगावले होते व शेकडो रुग्णालयात पडले होते. या डॉक्टरांपुढे दोन विषय होते. एक, मोठ्या शहरातील नामांकित प्रयोगशाळेत कर्करोगाच्या पेशींवरील काम. तेथे मार्गदर्शक तयार, यंत्रे तयार, विद्यावेतन तयार. दुसरा, फवारणीच्या विषबाधेचा. त्यांना दुसरा हवा होता, परंतु त्यासाठी जुनी सलग माहिती हवी होती आणि ती कोठेच नव्हती.

त्यांनी आम्हाला समजावून सांगितले ते आमच्या शब्दांत सांगतो. फवारणीच्या औषधांपैकी एक मोठा गट असा आहे की, तो शरीरात गेला म्हणजे कोलिनेस्टरेज नावाचे विकर बंद पाडतो. मज्जातंतूंचे निरोप वेळीच थांबविणे हे या विकराचे काम. ते बंद पडले की घाम, लाळ, उलटी, डोळ्यांची बाहुली टाचणीएवढी होणे, हातपाय थरथरणे आणि शेवटी श्वास अडकणे. त्यावर ॲट्रोपिन देतात, ते आपल्या परिचारिका भगिनींना पाठ आहे. परंतु जो माणूस मरत नाही, ज्याला नुसती भोवळ येते, त्याचे काय? रक्त तपासले तर त्याच्याही विकराचे प्रमाण घटलेले सापडते. तांबड्या पेशींतील विकर भरून यावयास कित्येक आठवडे लागतात, कारण त्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात व नव्या पेशी आल्याखेरीज तूट निघत नाही. तोवर तो सालदार पुन्हा पाठीवर पंप घेऊन त्याच शेतात उतरलेला असतो. हा प्रश्न पलंगाशेजारी सुरू होतो आणि परीक्षानलिकेत जाऊन संपतो. वैद्यक आणि विज्ञान ही दोन्ही शिकलेल्या माणसासाठी याहून नेमका विषय कोणता, असे त्यांनी आम्हालाच विचारले.

मग त्यांनी मुख्य गोष्ट विचारली. बीटी कापसाला आपल्या देशात २००२ साली परवानगी मिळाली. बोंडअळीवरील फवारण्या त्यामुळे कमी होतील, असे सांगण्यात आले होते. मावा, तुडतुडे, पांढरी माशी यांवरील फवारण्या मात्र चालूच राहिल्या आणि २०१७ सालापर्यंत शेंदरी बोंडअळी बीटी कापसालाही दाद देईनाशी झाली. तेव्हा २००२ च्या आधी आणि नंतर, एकाच गावपरिसरातील, एकाच रुग्णालयात आलेल्या फवारणीच्या रुग्णांची वर्षवार नोंद असेल, तर ती सोन्यासारखी. तुमच्याकडे जुन्या बाह्यरुग्ण नोंदवह्या आहेत का?

आमच्याकडे त्या होत्या. १९८८ पासून २००९ पर्यंतच्या. आमचे जुने कंपाउंडर, ज्यांचे अक्षर छापल्यासारखे होते, शेऱ्याच्या रकान्यात केवळ ‘उलटी, चक्कर’ लिहून थांबत नसत. ‘फवारणी’ असे लिहीत, गाव लिहीत आणि रुग्णाच्या नातेवाईकाने पिशवीतून आणलेल्या बाटलीवरचे औषधाचे नावही लिहीत. त्यांना असे लिहा म्हणून कोणी सांगितले नव्हते. २०१४ च्या दिवाळीपूर्वी रुग्णालयाला रंग द्यावयाचा होता. माळा रिकामा करावयाचा होता. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार आंतररुग्णांचे अभिलेख तीन वर्षे ठेवणे पुरे, हे आम्ही वाचलेले होते. बाह्यरुग्ण वह्यांना तर त्याहून कमी मोल. आम्ही स्वतः सही केली. वह्या रद्दीत गेल्या. दोन हजार सातशे रुपये आले, ते ‘किरकोळ उत्पन्न’ या सदरात त्या वर्षीच्या अहवालात छापलेले आहेत. ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी पाहावे.

त्या तरुण डॉक्टरांना आम्ही म्हणालो की, पोलीस प्रकरणांची वही सुरक्षित आहे, विषबाधेच्या केसेस तीत असतातच. ते हसले नाहीत, पण त्यांनी जे सांगितले त्यामुळे आम्हाला आमचे अज्ञान कळले. पोलीस प्रकरणांच्या वहीत बहुतांशी औषध प्यालेले आणि दगावलेले येतात. शेतात गरगरले म्हणून बैलगाडीत घालून आणलेला, सलाईन लावून संध्याकाळी घरी गेलेला मजूर त्या वहीत नसतो. तो फक्त बाह्यरुग्ण वहीत असतो. आणि त्याच्याच विषयीचे ते संशोधन होते.

दोन दिवस शोधाशोध केली. जनित्राच्या खोलीत बॅटरीखाली टेकू म्हणून दिलेल्या दोन वह्या निघाल्या, एक १९९७ ची आणि एक २००४ ची. एक बीटीच्या आधीची, एक नंतरची. आमचा चेहरा उजळला. परंतु दोन वर्षांवरून काही सिद्ध होत नाही, हे त्यांनी नम्रपणे सांगितले. एका वर्षी पाऊस कमी, एका वर्षी कीड जास्त, इतके कारण पुरते. ते त्या वह्या हाताळीत बराच वेळ बसले. चहा थंड झाला. मग जळगावच्या बसने परत गेले आणि त्यांनी शहरातील प्रयोगशाळेचा विषय घेतला.

त्यांनी चुकीचे केले, असे आम्ही म्हणणार नाही. कर्करोगाचे काम थोर आहे, मार्गदर्शक चांगला आहे आणि मार्गदर्शकाविना विषय म्हणजे वासराविना दावे. त्यांचे पत्र येते, काम बरे चालले आहे. परंतु त्यांना निवड करावयाची होती आणि दोहोंपैकी एक वाट आम्ही त्यांच्या येण्याआधी चार वर्षे बंद करून ठेवली होती, ही वस्तुस्थिती आहे. तरुणांनी खेड्याचे विषय घ्यावेत, असे व्यासपीठावरून सांगणारे पुष्कळ असतात. आम्हीही सांगत होतो. विषय घ्यावयास येणाऱ्याच्या हाती द्यावयाचे काय, हे मात्र पाहिले नव्हते.

म्हणून विद्यार्थी मित्रांना आमचे सांगणे इतकेच आहे की, विषयाच्या नावाला भुलू नये. जनुके, मूळपेशी, कृत्रिम बुद्धिमत्ता ही नावे मोठी आहेत आणि कामेही मोठी आहेत. पण तुमच्या वाट्याला येणारा प्रश्न कोणता, त्याची सामग्री कोठे आहे, ती तीन-चार वर्षांत हाती येईल काय, तुमच्या मार्गदर्शकाचे आजवरचे विद्यार्थी वेळेत बाहेर पडले काय, आणि तो प्रश्न तुम्ही रुग्णात पाहिला आहे काय, हे विचारावे. शेवटचा प्रश्न वैद्यकाच्या विद्यार्थ्यालाच विचारता येतो. नुसत्या विज्ञानाच्या विद्यार्थ्याला ती सोय नाही. जोड शिक्षणाची एवढी वर्षे घालून ती सोय वापरावयाची नाही, हा आमच्या दृष्टीने आतबट्ट्याचा व्यवहार आहे.

आता या वर्षीची गोष्ट. आपल्याच तालुक्यातील एका सालदाराची मुलगी एम.डी. झाली आहे आणि पीएच.डी.साठी तिने फवारणीच्या विषबाधेचाच विषय निवडला आहे. तिला आम्ही काही सुचविले नव्हते. ती कार्यालयात आली, तेव्हा आधी वेगळेच विचारले. २००६ साली तिच्या वडिलांना शेतातून येथे आणले होते, दोन सलाईन लावल्या होत्या. ती तेव्हा शाळेत होती. ती नोंद पाहावयास मिळेल का? आम्ही तिला १९९७ आणि २००४ च्या वह्या दाखविल्या. दुसरे काही दाखविण्यासारखे नव्हते.

विश्वस्त मंडळापुढे प्रस्ताव ठेवला तेव्हा चर्चा दोन बैठका चालली. ती येथे लपविण्याचे कारण नाही. एका ज्येष्ठ विश्वस्तांचा आक्षेप होता की, रुग्णालय रुग्णांसाठी आहे, कोणाच्या पदवीसाठी नाही. कारकुनाचा अर्धा दिवस आणि शीतकपाटाचा खर्च देणगीदारांच्या पैशातून का? आक्षेप रास्त होता. त्यावर आमच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सांगितले की, ज्याच्या रक्तातील विकर घटलेले आहे त्याला आपण त्याच दिवशी ‘चार आठवडे पंप उचलू नका’ असे सांगू शकू. आज सांगता येत नाही, कारण आपण तपासतच नाही. दुसरे एक विश्वस्त कृषी सेवा केंद्र चालवितात. औषधाचे नाव वहीत लिहिले जावे काय, हा प्रश्न त्यांना अडचणीचा होता व तो त्यांनी स्पष्ट बोलून दाखविला. मतदानाच्या वेळी ते तटस्थ राहिले. ठराव मंजूर झाला. औषधाचे नाव लिहिले जाईल.

अटी अशा आहेत. आपल्या रुग्णालयाला स्वतःची आचारसंहिता समिती नाही, म्हणून मान्यताप्राप्त समितीची परवानगी आल्याखेरीज संशोधनासाठी एकाही रुग्णाचे रक्त घेतले जाणार नाही. रुग्णाची संमती त्याच्या भाषेत, वाचून दाखवून घेतली जाईल. नाही म्हणणाऱ्याच्या उपचारात तीळमात्र फरक पडणार नाही. रुग्णांची नावे वेगळ्या वहीत कुलपात राहतील. आणि जुनी कोणतीही नोंदवही यापुढे केवळ व्यवस्थापकाच्या सहीने रद्दीत जाणार नाही. ही अट आम्हीच घालून घेतली आहे.

विद्यापीठाकडून विषयाच्या मान्यतेचा निर्णय आजच्या तारखेस यावयाचा आहे. आचारसंहिता समितीकडील अर्जही तेथेच आहे. तो निर्णय कसाही झाला तरी नवीन वही बाह्यरुग्ण विभागाच्या टेबलावर ठेवली आहे. तीत तारीख, गाव, पीक, औषधाचे नाव, पंप हाताचा की बॅटरीचा, किती तास फवारणी, तोंडाला फडके होते की नाही, मध्ये तंबाखू किंवा भाकरी खाल्ली काय आणि त्रास केव्हा सुरू झाला, असे रकाने आहेत. आमचे जुने कंपाउंडर आता थकले आहेत, पण रकाने आखावयास ते स्वतः येऊन बसले होते.

शेवटी शेतकरी बांधवांना एक विनंती. फवारणी करताना किंवा नंतर कोणाला गरगरले, घाम फुटला, उलटी झाली, तर अंगावरचे कपडे काढून साबणाने अंग धुवावे आणि ताबडतोब रुग्णालयात आणावे. येताना औषधाची बाटली सोबत आणावी. तिच्यावर रंगीत त्रिकोण असतो; लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. बाटली फेकून दिली असेल तर निदान घरी राहिलेल्या माणसाला ती शोधावयास सांगावे आणि त्रिकोणाचा रंग दूरध्वनीवर कळवावा. रात्री कितीही वाजले असले तरी टेबलावर वही उघडी आहे आणि लिहिणारा माणूस आहे.